स्तोत्र २३ : "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संडे स्कूलमध्ये शिकवायला लागल्यापासून हे प्रश्न मला मुलांनी विचारले, त्यांच्या आयांनी विचारले, आणि कुणाच्या घरी मयत झाली की तिथं जमलेल्या, ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांनीही विचारले. दर वेळी तोंडी सांगत आले. आता एकदा नीट लिहून ठेवते आहे. मी ईश्वरविज्ञान शिकलेली नाही. हिब्रूतलं जे काही इथं येईल, ते शिकलेल्या पाळकांना वर्षानुवर्षं विचारून गोळा केलेलं आहे. स्तोत्र मात्र माझं आहे, सहा वर्षांची असल्यापासून.

सबंध पवित्र शास्त्रातून हेच का? योहान ३:१६ का नाही?

योहान ३:१६ वर, म्हणजे देवानं जगावर प्रीती करून आपला पुत्र दिला या वचनावर, माझा विश्वास उभा आहे, त्यात शंका नाही. पण आवडीचं वचन आपण निवडत नाही, ते घरातून येतं. माझ्याकडे हे आजीकडून आलं. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी पहाटे चूल पेटली की आजी चहाचं आधण ठेवायची आणि बायबल मांडीवर उघडायची. अक्षरओळख जेमतेम होती, बोट ठेवून वाचायची. तेविसावं स्तोत्र म्हणताना मात्र ती पानाकडे बघायचीच नाही, चुलीकडे बघायची. चहाला उकळी फुटेपर्यंत सहा ओव्या पुऱ्या व्हायच्या. गूळ शेवटच्या ओवीनंतर पडायचा. मला हे स्तोत्र असं पाठ झालं, कुणी पाठ करून न घेता.

हे कुठं सापडतं?

जुन्या करारातल्या स्तोत्रसंहितेत. स्तोत्रं एकूण १५०, त्यातलं हे तेविसावं, आणि ओव्या फक्त सहा.

एक गोष्ट बघा. याच्या आधीचं बाविसावं स्तोत्र "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" या आकांतानं सुरू होतं. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेली ओळ हीच (मत्तय २७:४६). पान उलटलं की लगेच मेंढपाळ. ज्यांना तेविसावं स्तोत्र गोडगोड वाटतं, त्यांना मी नेहमी सांगते, आधी बाविसावं वाचा, मग इकडे या.

आमच्या कॅथलिक शेजाऱ्यांच्या पुस्तकात यालाच २२ म्हटलंय. छपाईची चूक आहे का?

नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात हिब्रूमधलं नववं आणि दहावं स्तोत्र एकत्र धरलं आहे, त्यामुळे पुढचे बरेच आकडे एकानं मागे जातात. लॅटिन बायबलनं तोच क्रम घेतला. म्हणून कुठे २२, कुठे दोन्ही आकडे. स्तोत्र तेच.

हे दाविदानंच लिहिलं का?

शीर्षकात "दाविदाचे स्तोत्र" असं आहे आणि मंडळी परंपरेनं तसंच मानत आली. अभ्यासक म्हणतात की मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ "दाविदाचं", "दाविदासाठी" किंवा "दाविदाच्या पद्धतीचं" असा कसाही होऊ शकतो. माझा विश्वास यावर अडत नाही. पण एवढं खरं की ज्यानं लिहिलं त्याचे पाय मेंढरांमागे मळलेले होते. दावीद बेथलेहेमचा, आठ भावांत धाकटा, आणि शमुवेल संदेष्टा त्याला शोधायला आला तेव्हा तो मेंढरं राखत होता. राजा झाल्यावरही स्वतःला मेंढपाळ न म्हणता मेंढरू म्हणणं, हे मला त्याचं वाटतं.

"मला काही उणे पडणार नाही." पण उणं तर पडतंच की! मग हे खोटं नाही का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि विचारणारे बहुतेक करून खरोखर अडचणीत असतात. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलेलं असून हातात पैसा नसतो. त्यांना "देव सगळं देतो" म्हणून वाटेला लावणं मला पाप वाटतं.

आधी मराठीच बघू. "बापानं पोरांना काही उणं पडू दिलं नाही" असं आपण कुणाबद्दल म्हणतो? श्रीमंत बापाबद्दल नाही म्हणत. त्याच्या घरी उणं पडायचा प्रश्नच नसतो. ज्यानं दुसऱ्याच्या शेतात राबून, स्वतः एक वेळ जेवून पोरं वाढवली, त्याच्याबद्दल हे वाक्य निघतं. त्या घरात वस्तू कमीच होत्या. तरी पोरं मोठेपणी शपथेवर सांगतात, आम्हाला उणं पडलं नाही. कारण बाप होता. भाषांतर करणाऱ्यांनी "कमी" न म्हणता "उणे" म्हटलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

१९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. घरी मिलो नावाच्या ज्वारीची लाल भाकरी, कामावर खायला मिळणारी सुकडी. तळहाताला पडलेले घट्टे मी स्वतः चाचपले आहेत, ते शेवटपर्यंत गेले नाहीत. आणि ही बाई त्या दिवसांत रोज पहाटे "मला काही उणे पडणार नाही" म्हणायची. मी मोठी झाल्यावर तिला हाच प्रश्न विचारला, जो तुम्ही विचारताय. ती म्हणाली, "अगं, उणं काय पडलं ते त्याला सांगायला तो होता ना!" यापेक्षा चांगलं उत्तर मला आजवर कुणाकडून मिळालेलं नाही.

तेव्हा हे वचन भरलेल्या कोठाराची हमी देत नाही. मेंढराचा मालक कोण, एवढंच ते सांगतं.

दाविदाच्या देशात तर वाळवंट. मग "हिरवीगार कुरणं" कुठली?

चित्रांतल्या दाट हिरवळीनं आपला फार गैरसमज केला आहे. बेथलेहेमच्या पूर्वेला यहूदाचं रान सुरू होतं आणि थेट मृत समुद्रापर्यंत उतरत जातं. भूमध्य समुद्रावरून येणारा पाऊस डोंगरमाथ्यावर पडून संपतो, पलीकडच्या उतारावर थेंब थेंब. आपल्याकडे सह्याद्री ओलांडली की माण-खटाव, नगरकडे जसं होतं, तसंच. हिवाळ्यातल्या पावसानंतर तिथं काही आठवडे गवताची कोंबं फुटतात, दगडांच्या आडोशानं, ओलाव्याच्या रेषेनं. बाकीचं वर्ष सगळं तपकिरी. म्हणजे कुरण आपोआप पुढ्यात येत नाही. कुठल्या घळीत चार दिवस चारा आहे हे मेंढपाळाला माहीत असावं लागतं, आणि मेंढरांनी त्याच्या मागे चालावं लागतं.

आपल्या धनगरांचं जगणं ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की माणदेशातले वाडे, म्हणजे धनगरांचे तांडे, मेंढरं घेऊन बाहेर पडतात, घाट उतरून कोकणापर्यंत जातात, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. घोड्यावर संसार, टोपलीत कोकरं आणि त्यांच्या शेजारी कोंबड्या. शेतकरी त्यांना आपल्या रानात "मेंढरं बसवायला" बोलावतात, लेंड्यांचं खत मिळावं म्हणून. आणि आपल्या स्तोत्रात शब्द काय आहे? "तो मला हिरव्यागार कुरणात बसवतो." बसवतो! मूळ हिब्रूतही क्रियापद "खाली बसवतो, निजवतो" असंच आहे. चारतो असं नाही. चरून झालेलं, पोट भरलेलं मेंढरू खाली बसून निवांत रवंथ करतं. भुकेलं किंवा बिथरलेलं मेंढरू बसत नाही.

दुसऱ्या ओवीत "नेतो" आहे, हाकतो नाही, हेही सोडू नका. आणि पाणी "संथ". मूळ शब्द विसाव्याचा आहे, म्हणजे विसाव्याचं पाणी.

"नीतिमार्ग" म्हणजे चांगलं वागणं का?

तेही. पण मूळ शब्द गाडीवाटेसारखा आहे, चाकोरी म्हणा. चालून चालून पडलेली वाट. ती नीट ठिकाणी जाते, एवढा तिचा सरळपणा. डोंगरउतारावर मेंढरांच्या खुरांनी पडलेल्या आडव्या रेषा पाहिल्या असतील तर कळेल. "आपल्या नामासाठी" म्हणजे माझ्या लायकीमुळे नाही, त्याच्या नावाची लाज त्याला आहे म्हणून.

मृत्युच्छायेची दरी म्हणजे मरणच ना?

मरणही त्यात आलं, पण तेवढंच नाही. मूळ शब्दात "दाट काळोख" हा अर्थ आहे आणि "मरणाची सावली" हाही ऐकू येतो. नाताळात आपण यशया ९ वाचतो, "मृत्युच्छायेच्या प्रदेशात" बसणाऱ्यांवर प्रकाश पडला म्हणून, तोच शब्द. तिथं मेलेली माणसं नाहीत, अंधारात जगणारी आहेत. यरुशलेमेहून यरीहोकडे उतरताना वादी केल्त नावाची खोल घळ लागते. कडे इतके उभे की दिवसाही तळाशी सावली असते. ही तीच दरी, असं परंपरेनं दाखवतात. एका ठिकाणचा चारा संपला की दुसरीकडे जायला अशा घळीतून जावं लागतंच. म्हणजे दरी ही वाट चुकल्याची खूण नाही. तिसऱ्या ओवीत नीतिमार्ग आणि लगेच चौथीत दरी, वाट तीच आहे.

आता या स्तोत्राचं काळीज. पहिल्या तीन ओव्यांत देव "तो" आहे. तो बसवतो, तो नेतो, तो जीव ताजातवाना करतो. सगळं चांगलं, सगळं खरं, पण देवाविषयी बोलणं आहे. दरी लागली आणि एका शब्दात सगळं फिरलं: "कारण तू माझ्याबरोबर आहेस." उजेडात देवाविषयी बोलत होतो, अंधारात देवाशी बोलायला लागलो.

एका पाळकसाहेबांनी हे आम्हाला फळ्यावर मोजून दाखवलं होतं. शीर्षक सोडलं तर हिब्रूत या तीन शब्दांच्या, "की अत्ता इम्मादी", अगोदर २६ शब्द आहेत आणि नंतरही २६. म्हणजे बरोबर मध्यभागी "तू माझ्याबरोबर आहेस". हे मुद्दाम केलं की आपोआप झालं, देव जाणे. पण मला ते मोजून झाल्यावर अंगावर काटा आला होता.

माझ्या वडिलांच्या, दादांच्या, वेळची गोष्ट सांगते. त्यांना अतिदक्षता विभागात ठेवलं होतं, मी बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. पहाटेचे तीन वाजले असतील. सिस्टरनं सहीसाठी एक कागद आणून दिला, व्हेंटिलेटरचा. सही केली आणि प्रार्थना करायला डोळे मिटले, तर काही आठवेना. आयुष्यभर पाठ असलेलं स्तोत्र, शेकडो मुलांना शिकवलेलं, आणि मला "मृत्युच्छायेच्या दरीतूनही" च्या पुढचं आठवेना. कुरण गेलं, पाणी गेलं, नीतिमार्ग गेले. बऱ्याच वेळानं एकच तुकडा वर आला, "तू माझ्याबरोबर आहेस." मी तेवढाच म्हणत बसले, सिमेंटच्या फरशीवरच्या एका डागाकडे बघत, उजाडेपर्यंत. दादा चौथ्या दिवशी गेले. वचन म्हटलं म्हणून ते वाचले नाहीत. पण त्या रात्री त्या खुर्चीवर मी एकटी नव्हते, आणि हे मी कुणाच्या सांगण्यावरून म्हणत नाही.

छापील बायबलमध्ये "जात असलो तरी" आहे. बाईनं काय म्हणावं?

माझी आजी "जात असले तरी" म्हणायची, बिनदिक्कत. लहानपणी मी तिला टोकलं की पुस्तकात "असलो" आहे. ती म्हणाली, "पुस्तक वाचणारी मी हाय ना!" पुढे कळलं की हिब्रूत या जागी जे क्रियापद आहे, त्यात "मी" पुरुष की बाई हे कळतच नाही, दोघांना रूप एकच. आजीचं बरोबर होतं. मीही "असले" म्हणते आणि मुलींना तसंच शिकवते.

काठीचा धीर कसा वाटेल? काठी तर मारायला असते.

"तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात." आकडी शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांच्या हातात आपण पाहतो: लांब काठीच्या टोकाला लोखंडी आकडा, बाभळीच्या शेंगा नि डहाळे ओढून पाडायला. मूळ हिब्रू शब्द मात्र सोट्याचा आहे. लांडगा, अस्वल आलं तर त्याच्या टाळक्यात घालायला. दावीद शौल राजाला सांगतो की मी सिंह आणि अस्वलाच्या तोंडातून कोकरू सोडवलंय (१ शमुवेल १७), ते अशाच हत्यारांच्या बळावर. तेव्हा सोटा मेंढरासाठी नाही, मेंढरावर चालून येणाऱ्यासाठी आहे. दुसरी काठी टेकायची.

आणि एक उपयोग होता. लेवीय २७:३२ मध्ये जनावरं काठीखालून जातात आणि मोजली जातात, दर दहावं परमेश्वरासाठी. शब्द तोच. संध्याकाळी वाड्यावर मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घालताना मोजली जातात तसं. लूक १५ मध्ये शंभरातलं एक कमी आहे हे मेंढपाळाला कळलं, कारण तो मोजत होता. मला या काठीचा हाच अर्थ सगळ्यांत जवळचा वाटतो.

"शत्रूंच्या देखत माझ्यापुढे ताट वाढतोस." शत्रूंना खिजवायचं आहे का यात?

या ओवीवर मी जरा जास्त बोलणार आहे.

हिब्रूत "मेज मांडतोस" असं आहे. मराठी भाषांतरात ते "ताट वाढतोस" झालं, आणि आमच्यासारख्यांच्या घरी या दोन शब्दांना जे वजन आलं ते बाकी कुठल्या भाषेत आलं असेल असं मला वाटत नाही. नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. त्यातून उभ्या राहिलेल्या मंडळ्यांत महार आणि मांग समाजातून आलेली घरं पुष्कळ. आमचं घर त्यांतलंच. आजीनं लहानपणी गावच्या लग्नात काय पाहिलं होतं? पंगत उठल्यावर, लांब, मातीवर बसायचं. पत्रावळीवर वरून टाकायचे, हात लागू नये म्हणून. ते वाढणं नव्हतं, टाकणं होतं. वाढणं वेगळं असतं. ताट समोर येतं, वाढणारा वाकतो, "अजून घ्या" म्हणतो.

आता ओवी पुन्हा वाचा. स्वतः परमेश्वर वाढायला उभा आहे. लपून नाही, मागल्या दारी नाही, पंगत उठल्यावर नाही. सगळ्यांच्या देखत. आजी या ओवीपाशी हळू व्हायची. चहा उतू जायचा तेव्हाच.

सूड इथं नाही. शत्रूंना मारलं, हाकललं, त्यांचं ताट हिसकावलं असं एका शब्दानं म्हटलेलं नाही. ते नुसते बघताहेत. वाईटाला बघावं लागतं की ज्याला आपण माणसात धरलं नाही, त्याला देव वाढतो आहे. आणि नव्या करारात यावं तर प्रभूच्या शेवटच्या भोजनाला त्याला धरून देणारा यहूदा ताटावर होता. त्या रात्री प्रभूनं त्याला उठवून लावलं नाही. ही पुढची पायरी मला अजून नीट चढता आलेली नाही. चर्चमध्ये त्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि पात्र घेतो, त्या प्रभुभोजनाला जाताना दर वेळी मी तिथंच अडखळते.

चौथ्या शतकात यरुशलेमचे बिशप सिरिल नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्यांना शिकवताना हीच ओवी काढायचे. मेज, तेल, पात्र – जे तुम्हाला आता मिळालं ते स्तोत्रकर्त्यानं आधीच सांगितलं होतं, म्हणून. तेव्हा या ओवीत प्रभुभोजन दिसणं ही काही आमची नवी कल्पना नाही.

डोक्याला तेल म्हणजे राज्याभिषेक?

बरेच उपदेशक तसं सांगतात, पण राजाला किंवा याजकाला तेल ओततात तेव्हाचं हिब्रू क्रियापद निराळं आहे. इथलं क्रियापद तुकतुकीत, पुष्ट करणारं आहे. दमूनभागून आलेल्या पाहुण्याच्या डोक्याला लावायचं तेल. शिमोन नावाच्या परुश्याच्या, म्हणजे कर्मठ यहूद्याच्या, घरी प्रभूनं बोलून दाखवलं होतं की तू माझ्या मस्तकाला तेल लावलं नाहीस (लूक ७:४६). आपल्या बायबलमध्ये "अभ्यंग" शब्द आहे, आणि तो फार नेमका आहे. दिवाळीच्या पहाटे आई टाळूवर तेल जिरवते ते आठवा.

शेवटच्या ओवीत "लाभतील" म्हटलंय, त्यात विशेष काय?

इथं मराठीत जरा हुकलंय असं मी धीटपणे म्हणेन. मूळ क्रियापद "पाठलाग करतील" असं आहे. एरवी शत्रू पाठलाग करतो, तेव्हा वापरायचा शब्द. म्हणजे कल्याण आणि प्रेमदया माझ्या मागे धावत सुटतील, आयुष्यभर. आपण पळालो तरी. मेंढपाळ पुढे, आणि मागून ही दोघं. तरुण संघातल्या एका मुलानं, जो दोन वर्षं चर्चकडे फिरकला नव्हता, हे ऐकल्यावर नुसती मान खाली घातली होती.

हे तर यहूदी लोकांचं स्तोत्र. ख्रिस्ती त्यात येशू का आणतात?

स्तोत्र यहूद्यांचंच आहे, आणि त्यांच्याकडे ते आजही जिवंत आहे. शब्बाथाच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाच्या, तिसऱ्या जेवणाला ते गातात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहूदी, यांचंही ते आपलं आहे. आपल्याला ते त्यांच्याकडून मिळालं, हे विसरू नये.

ख्रिस्ती माणूस मात्र ते योहान १० शिवाय वाचू शकत नाही. "मी उत्तम मेंढपाळ आहे. उत्तम मेंढपाळ मेंढरांकरता आपला प्राण देतो." यहेज्केल ३४ मध्ये देव वाईट मेंढपाळांवर संतापून म्हणतो की मी स्वतःच माझी मेंढरं शोधीन. येशूनं "मी" म्हटलं तेव्हा ऐकणाऱ्यांना ते आठवलं असणार. आणि प्रकटीकरण ७:१७ मध्ये तर कोकराच, म्हणजे येशूच, मेंढपाळ होतो. दरीतून जो माझ्याबरोबर चालतो तो दरी बाहेरून बघणारा नाही, आत जाऊन, मरून, उठून आलेला आहे. माझ्यासाठी सगळा फरक इथं पडतो. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथं तिसऱ्या शतकातलं एक घर-चर्च सापडलं. तिथं बाप्तिस्म्याच्या कुंडावर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ रंगवला आहे. क्रूसाची चित्रं रूढ होण्याच्या कितीतरी आधी विश्वासणाऱ्यांनी प्रभूला असं पाहिलं.

कुठलं मराठी भाषांतर वाचावं?

जे घरात आहे ते. पाठ करायला बायबल सोसायटीचं नेहमीचं, कारण मंडळी तेच म्हणते. अभ्यासाला दोन-तीन शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं. साध्या बाईला कळावं म्हणून कितीतरी वर्षं खपल्या, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये वारल्या, त्याच्या थोडं आधी ते काम पुरं केलं. ती प्रत कुणाकडे असेल तर मागून घेऊन बघाच.

ख्रिस्ती नसलेल्यांनी म्हटलं तर चालतं का?

चालतं म्हणजे काय, म्हणा! आमच्या शेजारच्या काकू रोज हरिपाठ म्हणतात. त्यांच्या मुलाच्या आजारपणात त्यांनी माझ्याकडून हे कागदावर लिहून घेतलं होतं. देवाला "तू" म्हणायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. मी माझा विश्वास लपवत नाही, त्या मेंढपाळाचं नाव येशू आहे असं मी सांगते. पण कुणाला दरीत धीर हवा असेल तर आधी कागद द्यावा.

लहान मुलांकडून कसं पाठ करून घ्यावं?

बक्षिसासाठी नको. रोज एकाच वेळी, एकाच कामाबरोबर म्हणा: वेणी घालताना, डबा भरताना, रिक्षाची वाट बघताना. दोन महिन्यांत होतं. अर्थ लगेच सांगायची घाई करू नका.

मी म्हणते, पण काहीच वाटत नाही. माझ्या विश्वासात खोट आहे का?

नाही. मेंढराला रोज काही वाटत नसतं, ते चालतं. मलाही कितीतरी दिवस काही वाटत नाही, तरी म्हणते.

घरच्या अंत्यविधीत मला हे वाचायला सांगितलंय. मध्येच कंठ दाटून आला तर?

सावकाश वाचा, आणि पुस्तक हातात ठेवा, पाठ असलं तरी. आजीच्या मातीच्या वेळी मी वाचत होते. "मृत्युच्छायेच्या दरीतूनही" पर्यंत आले आणि आवाजच फुटेना. पाळकसाहेब माझ्याकडे बघत थांबले. मग मागच्या रांगेतून कुणा म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "मी जात असले तरी". असले. आजीच्या बरोबरीची कुणीतरी. तिच्यामागून सगळी कबरस्तानभर उभी असलेली मंडळी म्हणायला लागली आणि शेवटच्या ओवीपर्यंत त्यांनीच नेलं. तेव्हा कंठ दाटला तर तिथंच थांबा. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.